निळी परी कुणी आणली?

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ए. आय. आर्टिफिशियल इंटेलिजन्स' जून २००१मध्ये पडद्यावर आला, तेव्हा अनेकांनी शेवटच्या अर्ध्या तासाला नावं ठेवली. हा चित्रपट आधी करू पाहणारा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक; त्याच्या कठोर कल्पनेत स्पीलबर्गने साखर कालवली, असा सूर होता. हिरमोड माझाही झाला, पण आरोपी चुकीचा पकडला गेला. बर्फाखालून दोन हजार वर्षांनी बाहेर काढलेला रोबो मुलगा आणि त्याला मिळणारा आईसोबतचा एकच दिवस, हे कुब्रिकसाठी लेखक इयन वॉटसनने केलेल्या आराखड्यातच होतं.

मूळ बीज ब्रायन ऑल्डिसच्या १९६९मधल्या छोट्याशा कथेत आहे. जग माणसांनी खचाखच भरलंय, मूल हवं तर सरकारी परवानगी लागते. घरातला डेव्हिड आईला पत्रं लिहू पाहतो, पण मनासारखं एकही जमत नाही. आपण यंत्र आहोत हे त्याला माहीत नाही. शेवटी परवानगी मिळते, आईबाप हरखतात आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो.

चित्रपटातला डेव्हिड ज्या निळ्या परीकडे माणूस होण्याचं मागणं मागतो, तिचा इथे मागमूस नाही. ती आणली कुब्रिकने. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कथेचे हक्क घेतल्यावर त्याने पिनोकियोचा, म्हणजे खरा मुलगा होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीचा, ध्यास घेतला. ऑल्डिसला हे पटेना. पुढे बॉब शॉ, वॉटसन, सारा मेटलंड असे लेखक बदलत गेले. मार्च १९९९मध्ये कुब्रिक वारला आणि पटकथा स्पीलबर्गने स्वतः लिहिली.

आता मूळ पिनोकियो पाहा. कार्लो कोलोदीने १८८१पासून इटलीतल्या मुलांच्या साप्ताहिकात तो क्रमशः लिहिला. हा बाहुला खोटारडा, कामचुकार. उपदेश करणाऱ्या रातकिड्याला हातोडा फेकून मारणारा. पंधराव्या प्रकरणात कोलोदीने त्याला झाडाला लटकवून गोष्ट संपवूनही टाकली होती! बालवाचकांनी गलका केला म्हणून ती पुढे चालली आणि १८८३मध्ये पुस्तक झालं. अखेरीस हाच बाहुला आजारी बापाला पेलाभर दूध मिळावं म्हणून रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढतो, टोपल्या विणतो, नव्या कोटासाठी साठवलेले पैसे आजारी परीला पाठवतो. मग कुठे तो माणसाचं पोर होतो. डिस्नेने १९४०मध्ये ताऱ्याकडे मागितलेली इच्छा पुढे आणली, तरी तिथेही पोराला हिंमत दाखवावी लागतेच.

चित्रपटातल्या डेव्हिडचं काय? सात शब्द उच्चारले की त्याच्यात माया कायमची बसते. त्याला सुधारण्याजोगं काही नाही, बिघडण्याचीही मुभा नाही. उरतं फक्त मागणं. म्हणून तो पाण्याखाली बुडालेल्या कोनी आयलंडवर परीच्या पुतळ्यासमोर विनवण्या करत बसतो. हेली जोएल ऑस्मेंटने ते जीव ओतून केलंय, पण कथेचा सांधा तिथेच निखळलेला आहे. शेवट गोड की कडू हा नंतरचा प्रश्न.

ऑल्डिसने डेव्हिडवर पुढे आणखी दोन कथा लिहिल्या. २००१मध्येच त्या मूळ कथेसह पुस्तकात आल्या. चित्रपटाने निराश केलेल्यांनी निदान पहिली वाचावी; चहा निवायच्या आत संपते.