सिनेमाच्या गप्पा रेडिओवर, पण समीक्षक कुठे?

नवा सिनेमा लागायचा असला की आठवडाभर आधीपासून त्यातले कलाकार एफएमच्या स्टुडिओंच्या फेऱ्या मारू लागतात. आरजे हसतखेळत बोलतो, दोन गाणी वाजतात, शुक्रवारची आठवण चारदा करून दिली जाते. पण सिनेमा जमलाय का, अमुक प्रसंग दिग्दर्शकानं असाच का घेतला, हे विचारणारा जाणकार त्या टेबलाशी सहसा नसतो. याचं खापर आजच्या आरजेवर फोडणं मला पटत नाही. ही घडी फार जुनी आहे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यावर राहिले. शास्त्रीय संगीत घराघरांत पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारता येणार नाही. सिनेमाचं संगीत मात्र त्यांना थिल्लर वाटे. आकाशवाणीवर त्याचा वेळ कापला गेला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाणं लावताना सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक आला. नाव घेतलं तर ती निर्मात्याची फुकट जाहिरात झाली, असा त्यामागचा हिशेब. निवेदकानं गायकाचं नाव सांगावं आणि तबकडी लावावी, एवढंच. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. जिथे सिनेमाचं नावसुद्धा उच्चारायची चोरी, तिथे त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा कुठून रुजणार? माझ्या मते गाण्यांच्या बंदीपेक्षा हे नुकसान खोलवरचं होतं. गाणी परत आली, चर्चेची सवय मात्र लागलीच नाही.

श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोन या केंद्राकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि फिती विमानानं कोलंबोला जात. आई कुलसुम सायानी यांच्या ‘रहबर’ या पाक्षिकासाठी काम करताना अंगवळणी पडलेली सोपी हिंदुस्तानी त्यांनी माइकवर आणली. ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणींना आधी मान दिला. सिनेमाविषयी आपुलकीनं, घरच्यासारखं बोलायचं कसं, हे या माणसानं देशाला शिकवलं. पण गीतमालेतलं गाण्याचं ‘पायदान’, म्हणजे क्रमवारीतलं स्थान, ठरायचं ते तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती यांवरून. गाण्याच्या मागची कथा तिथे रंगायची, गाण्याची चिकित्सा हा त्या कार्यक्रमाचा विषयच नव्हता.

आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली ती याच ओढीला उत्तर म्हणून. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, म्हणजे व्यापारी प्रसारणाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. १९७० मध्ये प्रायोजित कार्यक्रम आले आणि त्यांतून नव्या सिनेमाचा तो खास पंधरा मिनिटांचा कार्यक्रम जन्माला आला.

आमच्या घरी रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा. गाण्याचं एक कडवं, मग संवादाचा तुकडा, मग पावलांचा आवाज, दार उघडल्याची करकर, आणि नेमकं कोण आलं ते कळायच्या आत निवेदक मध्ये येऊन विचारायचा, पुढे काय होणार? आईचं लाटणं तिथेच थांबायचं. पडद्यावरचं एकही चित्र न दाखवता सिनेमा डोळ्यांपुढे उभा करण्याची ती कला अस्सल होती, आणि तिची नोंद व्हायला हवी. मात्र त्या पंधरा मिनिटांचे पैसे निर्मात्याचे असत. एकेकाळी सिनेमाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात म्हणून निषिद्ध होतं. आता जाहिरात रीतसर विकली जात होती. दोन्ही वेळा समीक्षक बाहेरच राहिला.

चित्रपटकर्त्यांना विविध भारतीनं भरभरून बोलतं केलं, हेही खरं. ‘विशेष जयमाला’त नट, संगीतकार, दिग्दर्शक जवानांसाठी गाणी निवडत आणि मनातलं सांगत. ‘उजाले उनकी यादों के’मध्ये एकेका कलावंताची मुलाखत अनेक भागांत चालते. घाई नाही, आडवे प्रश्न नाहीत. मोठा ठेवा आहे तो. पण त्यातला बराचसा सूर आठवणींचा. या शुक्रवारी काय पाहावं, याचं उत्तर तिथे मिळायचं नाही.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट निराळ्या वाटेनं गेली. बीबीसीचा रेडिओ लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चाले, त्यामुळे निर्मात्याच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. ‘द क्रिटिक्स’ या कार्यक्रमात १९४७ पासून सिनेमा, नाटक, पुस्तकं यांवर समीक्षक एकत्र बसून बोलत. पुढे २००१ पासून बीबीसीच्याच ‘फाइव्ह लाइव्ह’ या रेडिओ केंद्रावर सायमन मेयो चित्रपटकर्त्यांच्या मुलाखती घेत आणि समीक्षक मार्क कर्मोड त्याच कार्यक्रमात त्याच सिनेमाचं परीक्षण करत, प्रसंगी सालटीही काढत. तरी पाहुणे येत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये तो कार्यक्रम रेडिओवरून थांबला आणि दोघं पॉडकास्टकडे गेले. रेडिओचा परवाना आपल्याकडेही होता, लोक टपाल कचेरीत पैसे भरत. पण आपली आकाशवाणी सरकारी खात्याचा भाग होती, आणि १९९७ मध्ये प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ येईपर्यंत ती तशीच राहिली.

२००१ मध्ये बेंगळुरूतून खासगी एफएम सुरू झालं. या केंद्रांची सगळी भिस्त जाहिरातींवर, आणि सिनेमावाले हे त्यांचे नेहमीचे जाहिरातदार. काही आरजे झटपट परीक्षण करतात, तारे देतात, पण मिनिटभरात कितीसं बोलणार?

पुण्यात तर सगळी सामग्री हाताशी आहे. १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, शेजारी फिल्म इन्स्टिट्यूट, आणि या दोघांनी मिळून चालवलेल्या रसास्वाद शिबिरात किती पिढ्या सिनेमा बघायला आणि त्यावर भांडायला शिकल्या. शिवाजीनगरला आकाशवाणीचं केंद्र आहे, विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. शुक्रवारी लागलेल्या मराठी सिनेमाचा दिग्दर्शक आणि तो सिनेमा न आवडलेला समीक्षक यांना रविवारी सकाळी तासभर समोरासमोर बसवायला दोन माइक पुरतील.