काल्दासची भांडी

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला काल्दास दा राइन्या नावाचे शहर आहे. तिथे घडणारी, रंगीत झिलई दिलेली मातीची भांडी आणि शोभेच्या वस्तू 'काल्दासची भांडी' म्हणून ओळखल्या जातात. कोबीच्या पानाची ताटली, कोबीच्या गड्ड्याचे सूपपात्र, भिंतीवर लावायचे काळे भिंगरी पक्षी, बेडूक, खेकडे, हात वाकवून दाखवणारा दाढीवाला शेतकरी या त्यांतल्या सर्वांत परिचित वस्तू. पोर्तुगीज घरगुती वस्तूंमधला खट्याळपणा मुख्यतः याच शहरातून आला, आणि त्याला आजचे रूप दिले ते कुंभाराने नव्हे, तर राफाएल बोर्दालो पिन्हेरो (1846–1905) या व्यंगचित्रकाराने. ही भांडी पाहताना ते विसरून चालत नाही.

काल्दास म्हणजे गरम पाण्याचे झरे, राइन्या म्हणजे राणी. राणी लिओनोर हिने 1485 मध्ये इथल्या गंधकाच्या झऱ्यांवर रुग्णालय उभारायला घेतले आणि त्याच्याभोवती गाव वाढले. झऱ्यावर स्नानाला येणाऱ्या लोकांना परत जाताना काहीतरी न्यायचे असे. जवळपास चांगली माती होती, म्हणून कुंभारकाम वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मानुएल माफ्रा या कारागिराने इथे वेगळेच काम सुरू केले. सोळाव्या शतकातला फ्रेंच कुंभार बेर्नार पालिसी ताटांवर साप, सरडे, मासे उठावात घडवत असे. माफ्राने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी ती रीत उचलली आणि हिरव्या, तपकिरी, मधाळ रंगांच्या ओघळत्या झिलईत काल्दासची म्हणून एक ओळख तयार केली. ताटभर वळवळणारे जीव आणि तरी ते ताट, हा विरोधाभास इथे बोर्दालोच्या आधीपासूनच होता. बोर्दालोने त्यात विनोद आणला.

बोर्दालो लिस्बनच्या कलावंत घराण्यातला. भाऊ कोलुम्बानो हा त्या काळातला मोठा चित्रकार. राफाएल मात्र नियतकालिकांत रमला. जून 1875 मध्ये त्याने 'झे पोव्हिन्यो' हे पात्र निर्माण केले. 'झे' हे जुझे या नावाचे लघुरूप आणि 'पोव्हिन्यो' म्हणजे सामान्य, किरकोळ जनता. टोपी घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला, कराच्या ओझ्याने वाकलेला हा खेडूत. मराठी वाचकाला लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवेल, पण दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. कॉमन मॅन मुकाट्याने पाहत राहतो. झे पोव्हिन्यो सोसतो खरा, पण एका मर्यादेपर्यंतच. मग तो एक हात स्वतःच्याच दुसऱ्या हाताच्या कोपरावर मारून मूठ वर करतो. या इशाऱ्याला पोर्तुगीजमध्ये 'मांगितो' म्हणतात. त्याचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

हाच झे पुढे मातीत उतरला आणि दुकानांच्या गल्ल्यावर जाऊन बसला. त्याच्याखाली लिहिलेले असते, 'उधार हवी? ही घे!' आपल्याकडच्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीचे हे पोर्तुगीज भावंड म्हणता येईल. आपली पाटी गिऱ्हाइकाला हात जोडते, त्यांची अंगावर येते.

काल्दासमध्ये बोर्दालोचा मातीकामाचा कारखाना 1884 मध्ये उभा राहिला. कल्पना मोठी होती. विटा, कौले आणि रोजची भांडी विकून पैसा यायचा, आणि त्यावर कलात्मक काम पोसायचे. प्रत्यक्षात मन गुंतले ते कलेत, हिशेबात नाही. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात बोर्दालोच्या मातीकामाला सुवर्णपदक मिळाले आणि नाव युरोपभर झाले, तरी तिजोरीतली तूट भरली नाही. दरम्यान सरकारकडून बुसाकोच्या जंगलातल्या प्रार्थनागृहांसाठी येशूच्या अखेरच्या यातनांचे माणसाएवढे मातीचे पुतळे घडवण्याचे काम मिळाले. राजकारण्यांची टर उडवणाऱ्या त्याच हातांचे हे काम आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. हे पुतळे आता काल्दासच्याच संग्रहालयात आहेत.

टोकाला जायची त्याची हौस दिसते ती 'बीथोव्हेन' फुलदाणीत. उंची सुमारे अडीच मीटर. अंगावर संगीतकाराच्या गौरवासाठी रचलेल्या आकृत्यांची दाटी. फूल ठेवायला ती निरुपयोगी, घरात ठेवायला अशक्य. बोर्दालो ती विकायला ब्राझीलला घेऊन गेला. गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि शेवटी ती तिथल्या राष्ट्राध्यक्षांना भेट म्हणून गेली. आज ती रिओ दि जानेरोच्या ललितकला संग्रहालयात आहे. तो कारखानदार म्हणून का हरला, हे कळायला ही एक फुलदाणी पुरे.

लोकांच्या घरात टिकले ते लहान आणि वापरायचे काम. त्यात पहिला मान कोबीचा. खऱ्या पानावरून घेतल्यासारख्या शिरा, मुरडलेली कड आणि गडद हिरवी झिलई. झिलई शिरांच्या खोलगट भागात साचून गडद होते आणि उंचवट्यावर पातळ होऊन फिकी पडते, त्यामुळे वेगळे छायांकन न करताही पान जिवंत दिसते. सूपपात्राचे झाकण उचलले की कोबीचा गड्डाच उघडल्यासारखा वाटतो. पोर्तुगीज घरात त्यात बहुधा 'काल्दो व्हेर्द' वाढले जाते, म्हणजे बटाट्याच्या दाट सुपात बारीक चिरलेली हिरवी पाने आणि वर शोरिसू या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती. पानाच्या भांड्यात पानांचेच सूप. गोव्यातला चोरिस हा या शोरिसूचाच वंशज. आपल्या भाषेतला 'कोबी' शब्दही पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आल्याचे मानले जाते, तेव्हा ही ताटली मराठी माणसाला नावापुरती तरी परकी नाही.

ही भांडी पोर्सेलीनची नव्हेत. पोर्सेलीनसाठी पोर्तुगालात इल्याव्हू इथला, 1824 मध्ये सुरू झालेला व्हिश्ता अलेग्र कारखाना प्रसिद्ध आहे. त्याची पांढरी, पातळ, सोनेरी काठाची भांडी मेजवानीच्या टेबलावर जातात. काल्दासची माती सच्छिद्र, जाडसर आणि कमी तापमानाला भाजलेली असते. नमुना एकदा हाताने घडवला की त्याचे प्लास्टरचे साचे बनतात. साच्यात पातळ माती ओततात किंवा लाटलेली माती दाबतात. प्लास्टर पाणी शोषते, माती आवळते आणि वस्तू सुटून येते. शिंगे, पाय, देठ असे सुटे भाग मागाहून हाताने जोडतात, सांधे पुसून घेतात. पहिल्या भाजणीनंतर झिलई देतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. अशा मातीचे कोपरे सहज उडतात, त्यामुळे पानाच्या कडा जपाव्या लागतात. जुन्या काळच्या झिलईत शिसे असे, म्हणून जुनी वस्तू हाती लागली तर ती भिंतीवर शोभेला लावावी, जेवायला घेऊ नये.

दुसरी लोकप्रिय वस्तू भिंगरीची. पंख पसरलेला, पाठ काळी आणि पोट पांढरे असलेला हा पक्षी लहान-मोठ्या आकारांत मिळतो. दोन-चार वेगवेगळ्या मापांचे पक्षी भिंतीवर तिरके लावले की थवा उडाल्याचा भास होतो. खरी भिंगरी हिवाळा आफ्रिकेत काढून वसंतात परतते आणि बऱ्याचदा त्याच वळचणीला पुन्हा घरटे करते. म्हणून ती घर, निष्ठा आणि परतीची खूण मानली जाते. जिथली कितीतरी कुटुंबे पोटासाठी फ्रान्स, ब्राझील, जर्मनीला गेली, त्या देशात हे प्रतीक भिंतीवर का गेले, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी माळभिंगरी याच जातीची आहे.

बेडूक आणि बगळे लिस्बनच्या रोसिओ चौकातल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानाच्या फरशांवरही दिसतात, आणि त्याही बोर्दालोच्याच. फरशी म्हटले की पोर्तुगालबाहेरच्या माणसाला निळी-पांढरी अझुलेजो आठवते. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेतली 1935 ची, झोर्झ कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची अझुलेजो पाहिलेल्या वाचकाला तर नक्कीच. ती परंपरा गंभीर आणि कथनप्रधान आहे. बोर्दालोच्या फरश्या तिच्याशी नाते ठेवून तिची थोडी थट्टा करतात.

राजकारणही टेबलावर आले. जानेवारी 1890 मध्ये ब्रिटनने आफ्रिकेतल्या हद्दीवरून पोर्तुगालला निर्वाणीचा इशारा दिला आणि पोर्तुगालला माघार घ्यावी लागली. देशभर संताप उसळला. बोर्दालोने इंग्रजांचे प्रतीक असलेल्या जॉन बुलला रात्रीच्या शौचपात्राचे रूप दिले. रागाला याहून घरगुती वाट मिळणे कठीण.

या शहराची आणखी एक ख्याती विश्वकोशात लाजत का होईना लिहावी लागते. लिंगाच्या आकाराचे मग आणि बाटल्या इथे पिढ्यानपिढ्या घडतात आणि उघड्यावर विकल्या जातात. त्यामुळे पोर्तुगीज माणसाने एखाद्या वस्तूबद्दल 'काल्दासची आहे' असे हसत म्हटले, तर नेमकी कोबी समजावी की दुसरे काही, हे प्रसंग पाहून ठरवावे लागते. या प्रथेच्या उगमाच्या कथा बऱ्याच आहेत, विश्वास ठेवावा अशी एकही नाही.

1905 मध्ये बोर्दालो गेला तेव्हा कारखाना कर्जात होता आणि पुढे तो हातून गेला. मुलगा मानुएल गुस्तावो याने 1908 मध्ये त्याच शहरात नवा कारखाना काढून वडिलांचे नमुने आणि साचे चालू ठेवले. त्या परंपरेतला आजचा कारखाना 2009 मध्ये बंद पडण्याच्या बेतात होता, तेव्हा व्हिझाबेइरा उद्योगसमूहाने तो घेतला; त्याच वर्षी व्हिश्ता अलेग्रही त्याच समूहाकडे गेला. 2019 मध्ये युनेस्कोने काल्दासला हस्तकला व लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

कोबीच्या ताटलीला आज पुन्हा आलेले दिवस निव्वळ कारखान्याच्या पैशामुळे आले नाहीत. कतारिना पोर्तास या पत्रकार स्त्रीने 2007 मध्ये लिस्बनच्या शियादो भागात दुकान उघडले आणि त्यात अडगळीत गेलेल्या पोर्तुगीज वस्तू पुन्हा मांडल्या: जुन्या वेष्टनातले साबण, 1932 पासूनची कोउतो दंतमंजनाची ट्यूब, पेन्सिली, तारलीचे डबे आणि बोर्दालोच्या भिंगऱ्या. आजीच्या घरात दिसणारी म्हणून जी वस्तू तरुणांना गावंढळ वाटत होती, तीच भेट म्हणून देण्याजोगी झाली. याच काळात तोर्रेस नोव्हास इथल्या रेनोव्हा कंपनीने काळा टॉयलेट पेपर बाजारात आणला. कागदाची शौचालयातली अटळ भूमिका लपवण्याऐवजी त्याला मिरवायला लावणे, हा विनोद बोर्दालोला नक्की आवडला असता. बार्सेलोस गावचा रंगीत कोंबडा मात्र या कुळातला नव्हे. विसाव्या शतकातल्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने त्याला देशाची खूण म्हणून पुढे आणले. त्यामुळे तो सर्वत्र दिसतो, पण त्याच्यात थट्टा नाही.

बोर्दालोच्या साच्यांना नवा वापर देणाऱ्यांत जोआना वास्कोंसेलोस ही शिल्पकार सर्वांत ठळक. ती त्याचे मातीचे सरडे, लांडगे, शेवंडे विकत घेते आणि त्यांना क्रोशाच्या विणकामात नखशिखांत गुंडाळते. स्वयंपाकघराच्या मांडणीवरचा रुमाल आणि मांडणीवरची वस्तू, दोन्ही एकाच कातडीत. लिस्बनच्या काम्पो ग्रांद भागातल्या पिमेंता वाड्याच्या बागेत तिने बोर्दालोचे प्राणी अवाढव्य आकारात बसवले आहेत. भिंतीवर मोठाल्या मुंग्या चढतात, झाडांवरून सरडे आणि साप लोंबतात, आणि त्याच बागेत खरे मोर मोकळे हिंडत असतात. रस्ता ओलांडला की समोर बोर्दालोच्या नावाचे संग्रहालय आहे. ते 1916 मध्ये त्याच्या एका चाहत्याने स्वतःच्या संग्रहातून सुरू केले.