अल्पदाब तारजोडणी व बॅटरी : परीक्षण आणि दुरुस्ती (मराठवाडा)

ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचा पंप, घरातील इन्व्हर्टर आणि शेताच्या कुंपणाचे झटका मशीन यांतील साधारण ६ ते ४८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची (डीसी) तारजोडणी व तिला वीज पुरवणारी बॅटरी यांचे दोष शोधण्याचा आणि दूर करण्याचा व्यवसाय. मराठवाड्यात तो मुख्यतः तालुक्याच्या व बाजाराच्या गावी छोट्या दुकानांतून चालतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत त्याला माल उचलणाऱ्या विजेवरील गाड्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांची जोड मिळते.

‘अल्पदाब’ (कमी व्होल्टेज) ही संज्ञा संदिग्ध आहे. महावितरणच्या व्यवहारात ‘लघुदाब’ म्हणजे घरोघरीचा २३० व्होल्टचा आणि त्रिकला (थ्री-फेज) जोडणीचा ४०० व्होल्टचा पुरवठा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब खालच्या व ६५० व्होल्टपर्यंतचा मध्यम वर्गात होता. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मात्र प्रत्यावर्ती प्रवाहासाठी (एसी) १,००० व एकदिश प्रवाहासाठी १,५०० व्होल्टपर्यंत अल्पदाब मानते आणि त्याच्याही खाली, प्रत्यावर्ती ५० व एकदिश १२० व्होल्टपर्यंत, एक स्वतंत्र वर्ग करते. प्रस्तुत विषय या शेवटच्या वर्गात पडतो. त्यामुळे ‘अतिअल्पदाब’ हा शब्द अधिक काटेकोर ठरेल. कारागीर या घोळात न पडता ‘बारा व्होल्टचं काम’ एवढेच म्हणतात. ‘बॅटरी’ या शब्दाचीही हीच गत आहे. ग्रामीण बोलीत तो विजेरीलाही लावतात, तर परिभाषेतील ‘संचायक घटमाला’ हा नेमका शब्द छापील पुस्तकांबाहेर फारसा रुळलेला नाही.

बॅटरीचे मूळ किती मागे न्यावे याविषयी मतभेद आहेत. बगदादजवळ १९३६ च्या सुमारास सापडलेले, आत तांब्याची नळी व लोखंडी कांब असलेले मातीचे भांडे हा विद्युत घट असावा, असे मत मांडले गेले. अगस्त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काही श्लोकांतही तांबे व जस्त वापरून केलेल्या घटाचे वर्णन आहे, असा दावा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. पहिल्या वस्तूसोबत तारा किंवा विजेवर चालणारे कोणतेही साधन मिळालेले नाही, आणि श्लोकांचा प्राचीन काळ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेला नाही. म्हणून व्होल्टा यांच्या १८०० मधील चितीपासून (धातूच्या चकत्यांच्या राशीपासून) आरंभ मानणे अधिक सुरक्षित होय. पुन्हा भारित (चार्ज) करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये केली. लेप दिलेल्या प्लेटांची कामीय फोर यांची १८८१ मधील सुधारणा तिला व्यवहारात आणण्यास कारणीभूत ठरली. मराठवाड्यात प्राथमिक (पुन्हा भारित न होणारे) विद्युत घट १९०० च्या सुमारास झालेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाच्या तारयंत्रांबरोबर आले असावेत. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रसार मात्र मोटारींबरोबर, विशेषतः निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये बससेवा सुरू केल्यानंतर, झाला असणे संभवते.

शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक घट सुमारे २ व्होल्टचा असतो व बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. वीज देताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. या द्विसल्फेट उपपत्तीमुळे (१८८२) आम्लाची घनता मोजून बॅटरीतील भार (साठलेली वीज) ओळखणे शक्य झाले. वाहनाच्या पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) साधारण १·२६० ते १·२८० भरते, तर इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत ते १·२४० च्या आसपास ठेवतात. दुकानात ही वाचने ‘बाराशे साठ’, ‘बाराशे चाळीस’ अशीच बोलली जातात. भारतात वाचनासाठी २७° से. हे संदर्भ तापमान धरतात आणि त्यावरील प्रत्येक अंशासाठी ०·०००७ मिळवतात. एप्रिल-मे महिन्यांत परभणी किंवा नांदेडला पारा ४२° वर गेल्यावर आम्लही तितकेच तापले असेल, तर हायड्रोमीटरमधील (घनतामापकातील) १२३० हे वाचन प्रत्यक्षात १२४० समजावे लागते. ही दुरुस्ती न केल्यास भरलेली बॅटरी अपुरी भासते व ती गरजेहून अधिक भारित केली जाते. उष्णतेने प्लेटांची जाळी तशीही लवकर झिजत असल्याने ही चूक उन्हाळ्यात दुप्पट महाग पडते. सहा घटांपैकी एकाचे वाचन इतरांपेक्षा ५० अंकांनी कमी आल्यास तो ‘सेल गेला’ असे मानतात.

पाण्याचा प्रश्न या प्रदेशात विशेष महत्त्वाचा आहे. बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी सहसा जड असते. त्यातील क्षार, क्लोराइड व लोह प्लेटांना बाधक ठरतात. जारमधून विकले जाणारे थंड ‘फिल्टरचे पाणी’ पिण्यास योग्य असले, तरी ते ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) नसते; त्याचा वापर हे बॅटरी लवकर बसण्याचे एक कारण होय. पाणी बॅटरी भारित झाल्यावर घालावे, कारण भारित होताना द्रवाची पातळी वाढते. कमी झालेले असते ते पाणी, आम्ल नव्हे. तरीही ‘ॲसिड टाकून द्या’ अशी मागणी गिऱ्हाइकाकडून होत राहते.

व्होल्टमापकाने घेतलेले वाचन निर्णायक नसते. काही तास विसावलेल्या पूर्ण भारित बॅटरीवर १२·६ ते १२·७ व्होल्ट दिसतात, १२·२ ला ती जवळपास अर्धी असते, तर ११·९ च्या खाली रिकामी समजतात. पण सल्फेट साचलेली बॅटरीही भारित केल्यावर काही वेळ १२·६ दाखवते आणि इंजिनाचा स्टार्टर फिरवताच कोसळते. स्टार्टर फिरत असताना दाब ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये, हा संकेत त्यामुळे अधिक विश्वासार्ह होय. इंजिन चालू असताना १३·८ ते १४·४ व्होल्ट मिळत नसतील, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीजनिर्मिती यंत्र), त्याचा पट्टा किंवा नियंत्रक यांत शोधावा.

तारजोडणीलाही हेच लागू पडते, किंबहुना अधिकच. पंधरा बारीक तारांपैकी चौदा तुटलेल्या वायरच्या टोकालाही दिवा वगैरे चालू नसताना पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. यावर उपाय म्हणजे दिवा चालू ठेवून बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या धन टोकापर्यंतचा दाबपात (वाटेत घटणारा दाब) मोजणे. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असल्यास मधल्या जोडांवर मीटर क्रमाने सरकवत जावे. ऊस वाहणाऱ्या दोन ट्रॉल्यांचे उदाहरण बोलके आहे. मागचे २१ वॉटचे चार दिवे एकाच वेळी सुमारे ७ ॲम्पिअर प्रवाह घेतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या १२ मीटर वायरचा रोध सुमारे ०·२ ओहम असल्याने केवळ जाण्याच्या मार्गावर १·४ व्होल्ट खर्च होतात. २३० व्होल्टच्या जोडणीत एवढी घट कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे मात्र तंतूच्या दिव्याचा प्रकाश दोन-तृतीयांशावर येतो. परतीचा मार्ग तर ट्रॉलीच्या सांगाड्यातून व गंजलेल्या हुकातून जातो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लुकलुकू लागला, तर परतीचा प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून वाट काढत आहे, म्हणजेच ‘अर्थिंग’ गेले आहे, असे समजावे. बल्ब बदलून हा दोष जात नाही. बॅटरीपासून ट्रॉलीपर्यंत स्वतंत्र परतीची वायर ओढणे हाच खरा उपाय.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यातच हिरवा पडतो. त्याऐवजी लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून बसवावा की डाख द्यावा, याविषयी दोन मते आहेत. सतत हादरणाऱ्या वाहनात डाखाच्या कडेशी वायर ताठ होऊन तुटत असल्याने दाबलेला लग व त्यावर स्लीव्ह ही पद्धत श्रेयस्कर दिसते. वितळलेल्या फ्यूजच्या जागी चांदीकागद गुंडाळण्याची रीत अजून गेलेली नाही. तिच्यामुळे संपूर्ण हार्नेस (वाहनातील तारांचा जुडगा) जळू शकतो.

जुन्या कठीण रबराच्या पेटीतील बॅटरी वरचे डांबर तापवून उघडता येत असे. घटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या बाहेरच असल्याने एकेक घट तपासणे, त्याच्या प्लेटा व विभाजक बदलणे शक्य होते. पॉलिप्रॉपिलीनच्या वितळवून जोडलेल्या झाकणांमुळे ही कारागिरी जवळजवळ संपली. सल्फेट काढण्याच्या पुड्या मात्र टिकून आहेत. अमेरिकेत सोडियम व मॅग्नेशियम सल्फेटची ‘एडी-एक्स२’ नावाची पूड निरुपयोगी ठरवल्यावरून १९५३ मध्ये राष्ट्रीय मानक संस्थेचे संचालक ॲलन अ‍ॅस्टिन यांना पद सोडण्यास सांगण्यात आले. विरोध झाल्यावर ते पदावर कायम राहिले आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने संस्थेचा निष्कर्ष योग्य ठरवला. सल्फेट कोवळे असेल, तर कमी प्रवाहाने दीर्घकाळ भारित करण्याचा उपयोग होतो. कडक झालेले सल्फेट पुडीने सुटत नाही.

फवारणी पंपात लिथियम बॅटऱ्या वाढत आहेत. लोह-फॉस्फेट प्रकारात घटाचा दाब बराच काळ ३·२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. म्हणून केवळ दाबावरून तिचा भार ओळखता येत नाही. फुगलेला घट दुरुस्त करू नये.

बारा व्होल्टचा झटका बसत नसला, तरी हातातले कडे किंवा पाना दोन टोकांवर पडल्यास शेकडो ॲम्पिअर प्रवाह वाहून भाजते. त्यामुळे ऋण टोक आधी सोडतात व शेवटी जोडतात. भारित होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने पेटतो. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालतात, आम्लात पाणी कधीही घालत नाहीत. झटका मशीन बारा व्होल्टवरून काही हजार व्होल्टचे क्षणिक ठोके देते. तेच कुंपण थेट महावितरणच्या तारेला जोडणे प्राणघातक आणि गुन्हा आहे.

निकामी बॅटरी भंगारात जाते. शिसे उघड्यावर वितळवल्यास त्याची वाफ व धूळ विशेषतः लहान मुलांना अपाय करते. अशा बॅटऱ्या परत घेण्यासंबंधीचे २००१ चे नियम मुख्यतः शिसे-आम्लापुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह इतर प्रकारही कक्षेत आणले आणि उत्पादकावर जबाबदारी टाकली.