अनुस्वाराला किती पिक्सेल लागतात?

बेळगावच्या खडेबाजारात शेजारच्या काकांबरोबर टॅब्लेट बघायला गेलो होतो. काकांना आषाढाच्या झडीत घरी बसून जुनी, स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचायची आहेत. दुकानदाराने रॅम सांगितली, कॅमेरा सांगितला, खोक्यावरचा ‘आय केअर’चा शिक्का दाखवला. काकांनी एकच विचारलं, “अक्षर नीट दिसतंय काय?” उत्तर आलं, “झूम करा की!”

स्कॅन केलेलं पान झूम केलं, तर प्रत्येक ओळ डावीउजवीकडे ओढत वाचावी लागते. दहा पानांत माणूस कंटाळतो. काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर पडद्याच्या जाळीत आहे.

मोबाइलवर पावसाचा बारीक थेंब पडला की जरा थांबून बघा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या जागेत लाल, हिरवे, निळे कण दिसतात. हे मिळून एक पिक्सेल. पडद्यावरचं अक्षर म्हणजे अशा पिक्सेलांवर काढलेली ठिपक्यांची रांगोळी. ठिपके विरळ असले की नक्षी ढोबळ येते.

दुकानातला स्वस्त टॅब्लेट १०.१ इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलांचा. पायथागोरस लावला तर कर्णावर सुमारे १५०९ पिक्सेल येतात, भागिले १०.१, म्हणजे इंचाला जेमतेम १४९. एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा. १४ पॉइंटचा टाइप ४.९ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे त्याच्या वाट्याला पिक्सेलांच्या २९ रांगा. रोमन लिपीचं तेवढ्यात भागतं. देवनागरीत मात्र ‘मूर्तींना’ असा शब्द येतो. ‘मू’चा उकार खाली लोंबतो आणि ‘र्तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार अशी तिघांची दाटी होते. अनुस्वाराला आडवेउभे तीनेक पिक्सेल मिळतात. तेवढ्यात गोल टिंब निघत नाही, म्हणून कडेचे पिक्सेल करड्या छटांनी भरले जातात. टिंब गोल भासतं खरं, पण रफाराच्या करड्या कडेत विरघळतं. मग ‘गाव’ की ‘गावं’ हे अंदाजाने ठरवायचं. शाळेत कन्नड शिकलेल्यांनी तिथली खाली लटकणारी ओत्तक्षरं आठवावीत. त्यांचीही हीच गत.

आता डोळ्याचं गणित. निरोगी नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. ३० सेंटिमीटरवर हे अंतर ०.०८७ मिलिमीटर भरतं, म्हणजे तो स्वस्त पिक्सेल त्याच्या दुप्पट. इंचाला ३०० पिक्सेल असले तर एक पिक्सेल ०.०८५ चा, अगदी नजरेच्या उंबरठ्यावर. टॅब्लेट ४० सेंटिमीटरवर धरला तर इंचाला २२० चालतात. १०.१ इंचात १९२० बाय १२०० असतील तर २२४ मिळतात. खरेदीला जाताना इंचाला २२० हा आकडा लक्षात ठेवा, आणि ‘मूर्तींना’ हा शब्द तिथेच लहान अक्षरात उघडून बघा.

ई-इंकचा वाचक, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं पुस्तकं वाचायचं उपकरण, मला स्वतःला फार आवडतो. त्यातल्या सूक्ष्म कुप्यांत पांढरे आणि काळे कण विरुद्ध विद्युतभाराचे असतात. विजेचा दाब बदलला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो, आणि वीज बंद केली तरी कण जागचे हलत नाहीत. पान बाहेरच्या उजेडाने दिसतं, त्यामुळे गच्चीवरच्या उन्हातही वाचता येतं. पण ६ इंची पडदा सुमारे ९ बाय १२ सेंटिमीटरचा. डेमी आकाराचं १४ बाय २१.५ चं पान त्यात बसवलं की १४ पॉइंटचा टाइप ८ पॉइंटचा होतो. स्कॅनसाठी १० इंचच हवेत. आणि मूळ स्कॅनच इंचाला १५० ठिपक्यांचं असेल, तर कुठलाही पडदा हरवलेला अनुस्वार परत आणणार नाही.

निळ्या प्रकाशाच्या भीतीवर खास चष्मे विकले जातात. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. साध्या चष्म्यापेक्षा त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं त्यात दिसलं नाही. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. त्याला असा चष्मा नको, मधूनमधून मुद्दाम पापण्या लवणं आणि खिडकीबाहेर बघणं बरं.

काकांनी २२४ वाला घेतला. दुकानातच एक जुनं पुस्तक उघडून त्यांनी टिंबं मोजली.