डीएनएस स्पूफिंग : सर्व्हर कार्यप्रणालींतील दोष

डीएनएस ही संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील अंकी पत्ता, शोधून देणारी यंत्रणा. हा शोध घेणाऱ्या रिझॉल्व्हर या सर्व्हरला बनावट उत्तर खरे म्हणून स्वीकारायला लावणे म्हणजे डीएनएस स्पूफिंग. असे उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठले, की मुदत संपेपर्यंत त्या सर्व्हरवर विसंबलेला प्रत्येक संगणक भलत्याच पत्त्यावर जातो. म्हणून यास कॅश पॉयझनिंग असेही म्हणतात.

दोषाचे मूळ डीएनएसच्या रचनेतच आहे. प्रश्नोत्तरे बहुधा यूडीपीवरून, म्हणजे आधी जोडणी न करता पॅकेटे पाठवण्याच्या पद्धतीने, होतात आणि उत्तराची खूण म्हणून १६ बिटांचा व्यवहार क्रमांक असतो, ज्याच्या शक्यता अवघ्या ६५,५३६ आहेत. बाइंड या डीएनएस सर्व्हर सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत तर हा क्रमांक एकेकाने वाढत असे.

एक प्रयत्न फसला की खरे उत्तर कॅशमध्ये बसते आणि हल्लेखोराला मुदत संपेपर्यंत थांबावे लागते, असा समज २००८ पर्यंत होता. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी तो खोटा ठरवला : अस्तित्वात नसलेली उपनावे एकामागून एक विचारली, तर दर वेळी नवी संधी मिळते, आणि बनावट उत्तरासोबत संपूर्ण डोमेनच्या नेमसर्व्हरचा (त्या डोमेनची अधिकृत उत्तरे देणाऱ्या सर्व्हरचा) खोटा पत्ताही घुसवता येतो. ८ जुलै २००८ रोजी मायक्रोसॉफ्टसह अनेक उत्पादकांनी एकाच वेळी दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. उपाय होता प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यादृच्छिक स्रोत पोर्टवरून (पाठवणाऱ्या यंत्रावरील क्रमांकित दारातून) पाठवण्याचा, म्हणजे हल्लेखोराला पोर्टचाही अंदाज बांधावा लागतो. डॅनियल बर्नस्टीन यांच्या डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये तो आधीपासूनच होता. तथापि, फायरवॉलच्या सोयीसाठी कधीकाळी लिहिलेली ‘क्वेरी-सोर्स पोर्ट ५३’ अशी एखादी ओळ बाइंडच्या सेटिंग फाइलमध्ये उरली असेल, तर दुरुस्ती बसवूनही पोर्ट तोच राहतो.

पोर्ट गुप्त राखणे हे शेवटी कार्यप्रणालीचे काम. २०२० मध्ये उघड झालेल्या ‘सॅड डीएनएस’ या पद्धतीने नेमके तेच फोडले. बंद पोर्टवर पॅकेट आले, की लिनक्स कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आयसीएमपी सूचना, म्हणजे त्रुटीचा निरोप, परत पाठवतो. अशा सूचनांवर संपूर्ण यंत्रासाठी मिळून एक सामाईक मर्यादा होती. खोट्या पत्त्यावरून चाचणी पॅकेटे पाठवून त्या मर्यादेतील किती वाटा खर्च झाला हे पाहिले, की खुला पोर्ट कळत असे. कर्नलने नंतर ही मर्यादा अनियमित केली. विंडोज सर्व्हरबाबत त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने यूडीपी उत्तराचा आकार १,२२१ बाइटांवर रोखण्याचा सल्ला दिला, कारण मोठ्या उत्तराचे तुकडे झाल्यास दुसऱ्या तुकड्यात पोर्टही नसतो आणि व्यवहार क्रमांकही.

डीएनएसेक ही डीएनएसची सुरक्षा-जोड उत्तरावर डिजिटल स्वाक्षरी करते. मूळ झोनवर (डीएनएसच्या सर्वांत वरच्या पातळीवर) ती जुलै २०१० पासून आहे. परंतु डोमेनवर स्वाक्षरी नसेल किंवा रिझॉल्व्हर ती तपासत नसेल, तर भिस्त पुन्हा पोर्ट आणि क्रमांक यांवरच राहते.