जुन्या लेन्सची काच म्हातारी होत नाही

परवा भाच्याने चंद्राचा फोटो पाठवला. फोटोत चंद्र नव्हताच, दुधाचा थेंब पाण्यात पडल्यासारखा एक पांढरा गोळा होता. लेन्स होती हेलिओस ४४-२, नाभीय अंतर ५८ मिमी, एफ २ (म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड नाभीय अंतराच्या निम्म्याएवढं). सोव्हिएत काळात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेली, झेनिट कॅमेऱ्यावर यायची ती. तिची मूळ रचना जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या ‘बिओटार’ या लेन्सची. फोकसची रिंग घट्ट झाली म्हणून भाच्याने लेन्स उघडली, पुसली, परत जोडली, आणि तेव्हापासून लांबचं काहीच स्पष्ट येईना. कोणीतरी त्याला सांगितलं, “पन्नास वर्षांची काच आहे रे, डोळ्यात मोतीबिंदू होतो तशी तीही म्हातारी होते.”

हा समज मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर लिहायचं ठरवलं. काचेवर बुरशी चढते, आपल्या कोकणपट्टीच्या हवेत तर फारच लवकर. आतल्या पृष्ठभागावर धूसर थर बसतो, दोन भिंगं चिकटवलेला डिंक सुटतो. त्याने फोटो फिका पडतो. पण काचेचा अपवर्तनांक पन्नास वर्षांत फोकस हलवण्याइतका बदलत नाही. फोकस बिघडतो तो अंतरामुळे, आणि हे अंतर धातूच्या आट्यांनी धरून ठेवलेलं असतं.

शाळेतलं बहिर्वक्र भिंगाचं सूत्र आठवा. फार लांबच्या वस्तूची प्रतिमा बरोबर नाभीवर पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते, म्हणून भिंग तेवढंच पुढे न्यावं लागतं. किती पुढे? नाभीय अंतराच्या वर्गाला, वस्तू नाभीपासून जितकी लांब आहे त्या अंतराने भागायचं. ५८ चा वर्ग ३३६४. वस्तू भिंगापासून अर्ध्या मीटरवर असेल तर भिंग ७.६ मिमी पुढे हवं. १ मीटरवर ३.६ मिमी. १० मीटरवर फक्त ०.३४ मिमी. म्हणजे अर्धा मीटर ते एक मीटर एवढ्यातच भिंगाचा निम्म्याहून जास्त प्रवास संपतो, आणि दहा मीटरवरच्या आंब्याच्या झाडापासून थेट चंद्रापर्यंत जायला उरतो मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा!

आता याच्या उलट बघा. प्रिंटरच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये तेवढीच फट वाढली तर रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या, खुणेला टेकूनही फोकस सुमारे ३४ मीटरवर अडकतो. त्यापलीकडचं सगळं थोडं थोडं मऊ. म्हणूनच अॅडॉप्टरची, म्हणजे एका जातीची लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या कडीची, जाडी महत्त्वाची. हेलिओससारख्या एम ४२ आट्यांच्या लेन्सला तिच्या बैठकीपासून (लेन्स कॅमेऱ्याला टेकते तिथपासून) फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात तेच अंतर ४६.५ मिमी आहे, त्यामुळे नुसती कडी लावून ही लेन्स तिथे बसवली तर ती कायमची १ मिमी पुढे राहते आणि सव्वातीन मीटरच्या पुढे तिला दिसत नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत बैठक सेन्सरच्या खूप जवळ असते, तिथे लांब अॅडॉप्टर लावून हिशेब जुळवता येतो. भाच्याचा कॅमेरा बिनआरशाचा, अॅडॉप्टरही बरोबर. मग चूक कुठे होती?

चूक आट्यांत होती. जुन्या लेन्समधला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

साध्या नट-बोल्टला एकच आटा असतो, वरपासून खालपर्यंत एकच सलग वळण. नट एक फेरा फिरला की एका आट्याइतका पुढे जातो, समजा १ मिमी. लेन्सला मात्र रिंगच्या पाऊण फेऱ्यात साडेसात मिमी जायचं आहे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १० मिमी. त्यासाठी १० मिमी रुंदीचा एकच जाडजूड आटा कापला तर लेन्सच्या अंगात तो धड एक वळणही घेणार नाही, भिंग डुलेल. उपाय असा की १ मिमीचे दहा आटे शेजारी शेजारी कापायचे. पेन्सिलीला एक दोरा चिकटून चिकटून गुंडाळा, एका वेढ्यात तो स्वतःच्या जाडीइतकाच पुढे सरकतो. दहा दोरे पट्टीसारखे शेजारी धरून एकदम गुंडाळा, एका वेढ्यात दहा दोऱ्यांची जाडी पार होते. आटे बारीकच, पण झेप मोठी, आणि पकड सगळ्या घेरावर वाटलेली. स्वयंपाकघरातल्या जॅमच्या बाटलीचं तोंड निरखून पाहा. तिथेही तिरके उंचवटे तीन-चार ठिकाणी सुरू होतात, म्हणून झाकण पाव फेऱ्यात बसतं.

पण दहा आटे म्हणजे दहा दारं. ३६ अंशांवर एक. भिंग धरणारी आट्यांची नळी बाहेर काढली की परत घालताना ती दहापैकी कुठल्याही दारातून आत शिरते, आणि तितक्याच गुळगुळीतपणे फिरते. हाताला चूक कळतच नाही. शेजारच्या दारातून गेली तर रिंग त्याच खुणेवर असताना भिंग १ मिमी पुढे किंवा मागे. भाच्याचं हेच झालं होतं. एफ २ ला भिंग १ मिमी पुढे राहिलं तर प्रत्येक बिंदूचा अर्ध्या मिमीचा ठिपका होतो. ५८ मिमीच्या लेन्समध्ये चंद्राची आख्खी प्रतिमाच अर्ध्या मिमीची असते. मग गोळा दिसणार नाही तर काय!

बऱ्याच लेन्समध्ये तर आट्यांच्या दोन जोड्या असतात, एक उजवी, एक डावी. मधली रिंग फिरते तेव्हा दोन्ही मिळून भिंगाला ढकलतात, आणि एक सरळ खाच भिंगाला स्वतःभोवती फिरू देत नाही. तिथे दोन्ही जोड्यांचं दार सापडावं लागतं. मीही माझ्या पहिल्या लेन्सला दोन रात्री घालवल्या होत्या. तेव्हापासून नियम पक्का आहे: उघडण्याआधी रिंग अनंतावर ठेवून सगळ्या नळ्यांवर एक सरळ रेघ ओढायची, मग अगदी सावकाश फिरवत जायचं, आणि नळी ज्या क्षणी सुटते त्या क्षणी दोन्ही भागांवर दुसरी खूण करायची. परत घालताना याच दुसऱ्या खुणेपासून सुरुवात.

रिंग घट्ट का होते, तेही सांगायला हवं. ग्रीस म्हणजे धातूच्या साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वर्षं गेली की तेल झिरपून निघून जातं आणि मागे वाळका साबण राहतो. हे निसटलेलं तेल बहुतेक वेळा अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर सापडतं. म्हणूनच ‘शिवणयंत्राचं तेल दोन थेंब सोडा’ हा सल्ला घातक आहे. पातळ तेल जुनं ग्रीस विरघळवतं, दोन दिवस रिंग छान फिरते, आणि मग ते सगळं मिश्रण पात्यांवर नि काचेवर पोचतं. लेन्स तांदळात पुरून किंवा उन्हात ठेवून तर काहीच साधत नाही, उन्हाने तेल उलट लवकर सुटतं. जुनं ग्रीस लायटरच्या इंधनाने आणि ब्रशने पूर्ण धुवायचं, खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून लांब. नवं ग्रीस अगदी पातळ लावायचं. रिंगचा तो मखमली जडपणा ग्रीसच्या चिकटपणातून येतो, आणि आट्यांमधली फट जितकी बारीक तितका तो जास्त जाणवतो.

दार सापडलं तरी शेवटचे शतांश जुळवावे लागतात. हेलिओसच्या फोकस रिंगवर तीन बारीक स्क्रू आहेत. ते सैल केले की आतले आटे न हलवता वरची रिंग फिरवता येते, म्हणजे अनंताची खूण जिथे हवी तिथे आणता येते. पण अनंत आणायचं कुठून? एक किलोमीटरवरचा टॉवर पुरतो. त्याचा आणि चंद्राचा फरक ०.००३४ मिमी, नगण्य. भर पावसाळ्यात टॉवरही दिसत नसेल तर प्रकाशाची वाट उलटी करायची. लेन्स झेनिटवर लावा, झेनिटचं मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर बारीक रेघा काढलेली पारदर्शक चिकटपट्टी ताणून लावा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवा आणि मागून दिवा. नाभीवरच्या बिंदूतून निघालेले किरण लेन्सबाहेर समांतर पडतात, जणू ते अनंतावरूनच आले. समोर दुसरा कॅमेरा लांब लेन्ससह ठेवायचा, त्याचा फोकस दिवसा दूरच्या डोंगरावर पक्का केलेला. त्यातून चिकटपट्टीवरच्या रेघा कापल्यासारख्या दिसल्या की आपली लेन्स बरोबर अनंतावर आहे. टेबलावर, चार भिंतींच्या आत.

एवढं करूनही फोटो कुठल्याच अंतरावर स्पष्ट येत नसेल, तर आटे सोडा आणि काचेकडे वळा. बहुधा साफसफाईत एखादं भिंग उलटं बसलेलं असतं किंवा कडेला अडकून तिरकं राहिलेलं असतं.

भाच्याची लेन्स पाचव्या दाराला जुळली. स्क्रू आवळताना रिंग केसभर सरकतेच, म्हणून तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळले आणि प्रत्येक वेळी परत टॉवर पाहिला. तिसऱ्या फेरीला टॉवरच्या जाळीतल्या तिरप्या सळया सुट्या सुट्या दिसायला लागल्या.