पाणी ‘पिणारं’ काँक्रीट पाणी पितं का?

ब्रिटनमधल्या टारमॅक कंपनीच्या सच्छिद्र काँक्रीटचा २०१५चा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल: पाणी ओततात आणि ते क्षणात गायब! पण हे काँक्रीट पाणी पीत नाही. मिश्रणात वाळू जवळजवळ नसते, म्हणून खडीत साधारण १५ ते २५ टक्के पोकळ्या उरतात. पाणी त्यांतून नुसतं खाली उतरतं. साठतं ते काँक्रीटखाली घातलेल्या खडीच्या थरात. तो भरला आणि त्याखाली चिकणमाती असली, की जादू संपली.

दुसरी समजूत नेमकी उलटी: पोकळ्यांत गाळ बसला की या काँक्रीटची फरशी बाद. गाळ बहुधा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकतो. व्हॅक्यूमने ओढून, दाबाच्या पाण्याने धुऊन निचरा बराचसा परत मिळतो. शेजारच्या उघड्या मातीचे ओघळ मात्र आधी अडवा. नाहीतर धुतच बसाल.